शेगडीचं बटण बोटाला कळू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘स्मार्ट स्वयंपाकघर’ या विषयावर पानभर लेख होता. फोनकडून वाचून घेतला. हाक मारली की सुरू होणारी चिमणी, दारावर पडदा असलेला फ्रीज, ऑफिसातून निघतानाच मोबाइलवरून तापत ठेवायचा ओव्हन. गंमत वाटली ऐकायला. शेवटाकडे एक वाक्य होतं, की हे तंत्रज्ञान ज्येष्ठांना आणि दिव्यांगांना वरदान ठरेल. त्या एका वाक्यापायी हे पत्र.

मी आंधळी आहे. (‘दिव्यांग’ म्हटलंत तरी भांडायला येणार नाही, पण आमच्या घरात साधा शब्द चालतो.) रेटिनायटिस पिगमेंटोसा नावाचा डोळ्याच्या पडद्याचा आजार. लहानपणी दिवेलागण झाली की मी ठेचकाळायचे, विशीत अक्षरं गेली, तिशी संपताना उजेडही गेला. आता वय ६१. मिरजेत राहते. सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटर होते, ५८ व्या वर्षी निवृत्त झाले. दोन्ही वेळचा स्वयंपाक मीच करते, लग्न झाल्यापासून. आमच्या ह्यांना चहासुद्धा नीट जमत नाही आणि त्यांचे डोळे उत्तम आहेत.

तर वरदानाविषयी. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला भाच्यानं इंडक्शन शेगडी आणली. मी हरखले होते, खोटं कशाला सांगू. ज्योत नाही, म्हणजे पदर पेटायची भीती नाही. काच स्वतः तापत नाही, भांड्याच्या तळाशी चुंबकीय क्षेत्रामुळे उष्णता तयार होते. भांडं उचललं की तापणं बंद. कोणी मला विचारून शेगडी बनवायला घेतली असती तर मी याहून वेगळं काय मागितलं असतं? मग तिच्या पुढच्या पट्टीवरून बोट फिरवलं. गुळगुळीत. जेवणाच्या टेबलावरून बोट फिरवावं तसं. भाचा म्हणाला, “मावशी, इथं आठ बटणं आहेत.” मी म्हटलं, असतील बाबा.

डोळसांच्या लक्षात येत नाही तो घोळ असा : आम्ही बटण शोधतो ते बोटानं, आणि या पट्टीवर बोट लागलं की बटण दाबलं गेलं. शोधणं आणि दाबणं एकच. ‘कमी’ शोधता शोधता मी ‘जास्त’, ‘टायमर’ आणि ‘डोसा’ असं सगळं दाबून बसलेली असते. बरं, प्रत्येक बटणाचा आवाज एकच, टुंग. वाढवलं तरी टुंग, कमी केलं तरी टुंग, बंद केलं तरी टुंग. पहिल्याच आठवड्यात आमटी बारीक करायला म्हणून गेले आणि ती तळाला लागल्याचा वास आला तेव्हा कळलं की आपण उलट दिशेला गेलो. ते पातेलं दोन दिवस चिंचेच्या पाण्यात पडून होतं.

मग मी टिकल्या लावल्या. साधी टिकली काचेवर जाणवत नाही, खड्याची जाणवते. पण टिकलीपर्यंत पोचायलाही बोट काचेवरूनच न्यावं लागतं, तेव्हा पुन्हा टुंग टुंग. शेवटी भाच्यानं सनबोर्डचा, म्हणजे त्या जाड फोमच्या पुठ्ठ्याचा, पट्टीच्या मापाचा तुकडा कापला, बटणांच्या जागी पाच भोकं पाडली आणि दुहेरी टेपनं काचेवर चिकटवला. लागणारी पाचच ठेवली, ‘डोसा’ बुजवला. आता हात पुठ्ठ्यावर हवा तसा फिरतो, शेगडीला काही कळत नाही. भोक सापडलं की बोट आत. सुरू केल्यावर ती दर वेळी एकाच आकड्यापासून सुरू होते, तिथून टुंग मोजत खाली उतरायचं. ‘कमी’चं भोक चौकोनी, ‘जास्त’चं गोल. चाळीस रुपयांचा सनबोर्ड आणि एक दुपार. ज्यांनी ती शेगडी बनवली त्यांच्याकडे साच्यांचे कारखाने आहेत. भोकं पाडायचीही गरज नव्हती, काच ओतताना चार उंचवटे ठेवायचे होते.

हे काही नवं ज्ञान नाही. आपल्या टेलिफोनच्या ५ या आकड्यावर बारीक ठिपका असतो, हात लावून बघा. संगणकाच्या कळफलकावर एफ आणि जे या कळांवर बारीक रेघ असते. त्या ठिपक्याच्या भरवशावर माझी उभी नोकरी झाली. आणि तो फक्त आंधळ्यांना उपयोगी पडतो असंही नाही, न बघता नंबर फिरवणारा प्रत्येक माणूस तो वापरतो.

मला तर वाटतं, आपल्या स्वयंपाकघरातलं सर्वांत हुशार यंत्र म्हणजे कुकर. आंधळ्यांसाठी तो कोणी बनवला नाही, पण अख्खा महाराष्ट्र त्याच्याकडे न बघता भात शिजवतो. हॉलमध्ये बसून, फोनवर बोलत, ‘तीन झाल्या का गं?’ असं विचारत. डाळीच्या शिट्ट्या वेगळ्या, बटाट्याच्या वेगळ्या. माझ्या आईकडे दुधाचं दुहेरी भिंतीचं भांडं होतं, मिल्क कुकर. वरच्या तोंडातून पोकळीत पाणी घालायचं, वर शिट्टी. दूध तापत आलं की भांडं किंचाळायचं. उतू जायची बात नाही. हल्ली फारसं दिसत नाही ते. गॅस तर मुळात बिनवासाचा असतो, गळती नाकाला कळावी म्हणून त्यात मुद्दाम घाण वासाचं द्रव्य मिसळतात. ज्या कोणी हे ठरवलं त्यानं माझ्यासारखीचाही जीव वाचवला, तिचा विचार न करता. जुन्या शेगडीची खुंटी कुठल्या दिशेला आहे ते चिमटीत धरलं की कळतं. स्वयंपाकघर आपल्याशी कान, नाक आणि हात यांच्या वाटेनं बोलत होतं. ‘स्मार्ट’ झालं आणि सगळं बोलणं एका चकचकीत पाटीवर जाऊन बसलं.

‘पण ॲप आहे ना’ असं दुकानदार म्हणतात. पुण्याला बहिणीकडे मोबाइलवर चालणारा एअर फ्रायर आहे. त्याचं ॲप माझ्या फोननं मला वाचून दाखवलं ते असं : “बटण. बटण. बटण. चित्र. बटण.” बनवणाऱ्यानं बटणांना नावंच दिली नव्हती. पडद्यावर थर्मामीटरचं चित्र काढलं म्हणजे त्याला वाटलं, झालं. फोन चित्र वाचत नाही, त्याच्या मागे लिहिलेलं नाव वाचतो, आणि ते लिहायला एका ओळीचं काम. गंमत म्हणजे कचेरीत शेवटची काही वर्षं मी ज्या एनव्हीडीए नावाच्या, पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या प्रणालीवर संगणक चालवला, ती ऑस्ट्रेलियातल्या दोन आंधळ्या तरुणांनी २००६ पासून लिहायला घेतली आणि फुकट वाटली. त्यांना कोणी सांगावं लागलं नाही की बटणाला नाव लागतं.

आता मुख्य गोष्ट, जी सांगायची म्हणून एवढं पाल्हाळ लावलं.

गेल्या वर्षी आमच्या भागातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाची चार मुलं आली. तीन मुलगे, एक मुलगी. ‘अंधांसाठी स्मार्ट शेगडी’ हा त्यांचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प. शेगडी बनवून झाली होती, माझ्याकडून अभिप्राय आणि एक फोटो हवा होता. मी विचारलं, अंधांना काय लागतं हे कुठून ठरवलंत? म्हणाले, “काकू, आम्ही डोळ्यांना पट्टी बांधून एक तास स्वयंपाक करून पाहिला.” अरे देवा. डोळ्यांना रुमाल बांधलेला माणूस आंधळा नसतो, घाबरलेला डोळस असतो. त्यांना ज्योतीची भीती वाटली, म्हणून त्यांनी ठरवलं की आंधळ्यांना ज्योतीची भीती वाटते. त्यांची शेगडी अशी होती की हात ज्योतीच्या वीतभर जवळ आला की गॅस बंद आणि आतून इंग्रजीत आरोळी, “डेंजर!” मी म्हटलं, बसा, भाकऱ्या करायच्याच आहेत.

भाकरी करताना हात ज्योतीजवळ असतोच. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, कडा सुटल्या की उलटायची, मग तवा बाजूला करून थेट जाळावर. फुगताना वाफेचा एक बारीक ‘फुस्स’ येतो, त्यावर कळतं की झाली. पहिली भाकरी होईपर्यंत ती शेगडी अकरा वेळा विझली. “डेंजर, डेंजर” ऐकून हे अंगणातून धावत आले. पोरं ओशाळली. मी त्यांना जुन्या शेगडीवर करून वाढल्या आणि वर फोडणी करून दाखवली. तेल तापलं की नाही ते मोहरीचे दोनच दाणे टाकून ऐकायचं. तडतड दमदार आली की बाकीची मोहरी, ती थंडावत आली की जिरं, हिंग, आणि हळद टाकताना चमचा कढईला टेकवून. मिसळणाच्या डब्यात मोहरी दाराच्या बाजूला, तिथून उजवीकडे जिरं, हळद, तिखट असा फेरा. एकदा पाहुण्या जावेनं डबा घासून वाट्या मनानं लावल्या, तेव्हा पोह्यांत हळदीऐवजी धणेपूड गेली. आमच्या ह्यांनी पांढरे पोहे मुकाट खाल्ले.

निघताना त्या मुलीनं विचारलं, “काकू, मग तुम्हाला नक्की अडतं कुठं?” चार महिने प्रकल्प चालला होता आणि हा प्रश्न चौथ्या महिन्यात, दारात चपला घालताना आला. पण आला.

मी सांगितलं, माझी भीती पेटलेल्या ज्योतीची नाही, विझलेल्या ज्योतीची आहे. मोठी ज्योत आवाज करते. मंद आचेवर ठेवलेली बोलत नाही. मिक्सर चालू असला, पत्र्यावर पाऊस पडत असला की ती आहे का वाऱ्यानं गेली, कळत नाही. वास येईपर्यंत थांबायचं नाहीतर हात जवळ नेऊन ऊब बघायची. हे त्यांच्या यादीत कुठंच नव्हतं, कारण पट्टी बांधून तासाभरात कोणी खीर आटवत नाही.

पोरं मनाची चांगली. पुढचे सहा शनिवार माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. थर्मोकपल नावाची तार असते, टोक तापलं की तिच्यात किंचित वीज तयार होते. काही महागड्या शेगड्यांत ज्योत विझली तर गॅस आपोआप तोडायला तीच वापरतात. यांनी ती बर्नरच्या कडेला बसवली आणि छोट्या डबीला जोडली. पहिल्या शनिवारी डबी मराठीत बोलायला लागली, “डावी शेगडी सुरू आहे”, दर दहा सेकंदांनी. मी म्हटलं, हिला आधी गप्प करा. मला मोहरी ऐकू येत नाहीये. आंधळ्या माणसाशी यंत्र सतत बोलायला लागलं की त्यानं आमच्या डोळ्यांवर हात ठेवल्यासारखं होतं, कारण आमचे डोळे कानात असतात. ‘बोलकं’ म्हणजे आमच्या सोयीचं, असं बहुतेक लोक धरून चालतात. सहा शनिवारांत त्या मुलांना कळलं ते.

शेवटी ठरलं ते साधं. ज्योत जिवंत आहे तोवर घड्याळासारखी हलकी टिकटिक, डावीची जाड, उजवीची बारीक. विझली की टिकटिक थांबते. ती थांबली की कान आपोआप टवकारतात. डबीत अजून तेल जातं, तारा लोंबतात, आणि महाविद्यालयानं पारितोषिक मात्र त्या पहिल्या ‘डेंजर’वाल्यालाच दिलं, कारण ते प्रदर्शनात छान दिसलं. असो.

पण माझ्यापुरतंच बोलले तर मीही त्या पट्टी बांधलेल्या पोरांसारखीच ठरेन. मी खुंटीचं कौतुक करते, तर ओळखीच्या एक बाई आहेत, कुष्ठरोगातून पूर्ण बऱ्या झालेल्या. (आमच्या मिरजेत त्याचं जुनं रुग्णालय आहे.) त्यांची बोटं वाकलेली आणि बधिर. गोल खुंटी त्यांच्या चिमटीत येत नाही, आणि पातेलं तापलेलं आहे हे हाताला कळत नाही, कातडी भाजल्यावर डोळ्यांना दिसतं. त्यांना तळव्यानं ढकलता येईल असा दांडा हवा आणि गरम असल्याचा लाल दिवा, जो माझ्या काही कामाचा नाही. शेजारची सून ऐकू न येणारी, तिला माझा लाडका कुकर काय सांगणार? ती शिट्टी उडताना बघते, म्हणून भात होईपर्यंत ओट्यापासून हलत नाही.

आणि माझी मैत्रीण, पोलिओनं दोन्ही पाय गेलेली. देशाला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र २०१४ साली मिळालं, तोवर तिनं चाळीस वर्षं स्वयंपाक केला होता. माहेरी जमिनीवर. पाट, विळी, बुटका स्टोव्ह, सगळं हाताच्या अंतरात. पुरणपोळ्या करायची. मग फ्लॅट आला, फ्लॅटबरोबर ३३ इंचांचा ग्रॅनाइटचा ओटा आला, आणि ती स्वयंपाकघरातून बाहेर पडली. कोणी काढलं नाही, ओट्यानं काढलं. गवंड्याकडून तिनं परवा ओट्याचा तुकडा ३० इंचांवर उतरवून घेतला, खालचं कपाट काढून चाकाची खुर्ची आत जाईल अशी जागा केली. त्याला ‘स्मार्ट’ म्हणायला कोणी आलं नाही.

अमेरिकेतला एक किस्सा या विषयात नेहमी सांगतात. सॅम फार्बर नावाच्या उद्योजकाच्या पत्नीला, बेट्सीला, संधिवात. सफरचंदाची सालं काढताना तिचा हात दुखतो हे पाहून त्यानं जाड, मऊ रबरी मुठीचा पीलर बनवला, १९९० साली ‘ऑक्सो’ या नावानं बाजारात आणला आणि तो धडाक्यात खपला. गोष्ट खरी, पण अर्धी. बेट्सी स्वतः वास्तुरचना शिकलेली होती, आणि मुठीची कल्पना आपली होती असं तिनं पुढे सांगितलं. जगानं लक्षात काय ठेवलं, तर तिचा संधिवात. त्या चार मुलांच्या अहवालातही माझा उल्लेख ‘लाभार्थी’ असा आहे. टिकटिक कोणी सुचवली ते लिहिलेलं नाही.

कायद्याचं म्हणाल तर तो आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या ४३ व्या कलमात लिहिलंय की सर्वांना वापरता येतील अशा सर्वसाधारण वापराच्या ग्राहकोपयोगी वस्तूंचा विकास, उत्पादन आणि वितरण वाढावं म्हणून सरकारनं पावलं उचलावीत. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुरी खटल्यात सरकारला सुनावलं, की सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सहज वापरता येण्याचे, नियम नुसते शिफारशीवजा ठेवून चालणार नाही, सक्तीची किमान मानकं ठरवा. इमारती, बस, संकेतस्थळं यांवर निदान चर्चा होते. शेगडीवर नाही. शिबिरात काठी मिळते, तीनचाकी मिळते, श्रवणयंत्र मिळतं. जणू आम्हाला फक्त कुठंतरी जायचं असतं, जेवायचं नसतं.

आणि सक्ती करता येत नाही असं थोडंच आहे? प्रेशर कुकरला २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, त्याशिवाय विकता येत नाही. फ्रीजवर विजेचे तारे असतात. मग शेगडीच्या खोक्यावर ‘बंद-चालूचं बटण स्पर्शानं ओळखता येतं’ एवढं लिहायला लावणं अवघड का? ग्राहक किती, असं कंपन्या विचारतील. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले गेले. त्यात चष्मा कपाळावर विसरून चहा ठेवणारे आमचे हे धरलेले नाहीत.

पत्र फार लांबलं, कापलंत तरी चालेल, सनबोर्डचा भाग मात्र ठेवा, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. आणि एक विनंती. आपल्या पुरवणीत नवी उपकरणं तपासून त्यांवर लिहिलं जातं, त्यात तारे देतात, किंमत देतात, रंग देतात. पुढच्या वेळी लिहिणाऱ्यानं दिवा मालवून ते यंत्र एकदा सुरू आणि एकदा बंद करून पाहावं आणि जमलं का ते एका ओळीत छापावं. पट्टी बांधून तासभर नको, तेवढं एका मिनिटात कळतं.

आपली,
एक वाचक, मिरज